रेट्रो कॅमेरा, वऱ्हाडचं ऊन आणि भिंतीवरचे फोटो

सध्या ऑफिसात लंचला बसलं की दोनच विषय निघतात. एक, एआय आपली नोकरी खाणार का. दुसरा, फुजीचा एक्स-१०० घ्यावा का. पहिल्या विषयावर माझ्याकडे नवीन सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्यावर मात्र भरपूर आहे, म्हणून हा शनिवार त्याच्या नावावर.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स-१०० म्हणजे जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा छोटा डिजिटल कॅमेरा. काळं-चंदेरी अंग, कातड्यासारखं आवरण, डोक्यावर धातूच्या फिरत्या डायल, आणि समोर एकच लेन्स, जी बदलताही येत नाही आणि झूमही होत नाही. बघणाऱ्याला वाटतं आजोबांच्या ट्रंकेतून काढलाय. आत मात्र डीएसएलआरमध्ये असतो तसला मोठा एपीएस-सी सेन्सर. सप्टेंबर २०१० मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीफिल्मने तो जाहीर केला आणि २०११ मध्ये बाजारात आणला. १२ मेगापिक्सेल, २३ मिमीची एफ/२ लेन्स (फिल्मच्या हिशोबात ३५ मिमी). दिसायला देखणा, पण ऑटोफोकस असा की समोरचा माणूस हसून, गंभीर होऊन, निघून जायचा तेव्हा कुठे 'खट्' व्हायचं. मग २०१३ ला एस, २०१४ ला टी, २०१७ ला एफ, २०२० ला व्ही असे अवतार निघाले. व्हीचं नशीब टिकटॉकवर उजळलं आणि जगभर त्याचा तुटवडा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला व्हीआय ४० मेगापिक्सेलचा, हात हलला तरी सांभाळून घेणारा, आणि भारतात दीड लाखाच्या वर. तरीही लोक रांगेत.

ऑफिसात यावर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, ही निव्वळ शायनिंग आहे, खरं काम करायचं तर मोठी बॉडी आणि दोन-तीन लेन्स हव्यात. दुसरी म्हणते, यात 'सोल' आहे, फिल्मचा फील आहे. मला दोघांचंही पटत नाही. माझ्या मते गंभीरपणे फोटोग्राफी करायला हा फार चांगला कॅमेरा आहे, पण ज्या गोष्टीसाठी लोक तो घेतात ती त्याची सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट आहे. कधीकधी तर घातकच.

मी मूळचा अमरावतीचा. पोटासाठी पुण्यात. वर्षातून तीन-चार वेळा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी जातो, आणि आई दोन दिवसांत कंटाळते ('आला तसा भटकून राह्यला') तेव्हा अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा असा फिरत असतो. माझ्याकडे सेकंडहँड एक्स-१०० एफ आहे. पुढे जे लिहितोय ते त्या फिरण्यातून आलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू वगैरे समजू नका.

आधी त्या 'रेट्रो'चं बघू. रेट्रो म्हणजे जुन्याची आठवण. पण कोणाच्या जुन्याची? चंदेरी माथा, काळं कातडं, वर शटरची डायल, ही आठवण जर्मनीतल्या लायकाची आणि जपानमधल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची. आमच्या वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरात असला कॅमेरा होता कुठे? ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक-थ्री असायचा. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, बारापैकी चार मुंडकी कापलेली. पुढे हॉट शॉट आला. प्लॅस्टिकची आडवी डबी, खटकन आवाज, आणि प्रिंटमध्ये सगळ्यांचे डोळे लाल. खरा 'वऱ्हाडी रेट्रो' कॅमेरा कोणी काढायचा ठरवलाच तर तो काळ्या प्लॅस्टिकचा असेल आणि त्याला रबरबँड लावलेला असेल. आणि बहुसंख्य घरांत तर काहीच नव्हतं. फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, मागे ताजमहालाचा नाहीतर धबधब्याचा पडदा लावून, पावडर थापून काढायची वस्तू.

म्हणजे हा कॅमेरा गळ्यात अडकवून आपण जी आठवण मिरवतो ती आपली नव्हेच. मिरवायला हरकत नाही, मी स्वतः मिरवतो. पण तिच्यामुळे फोटो चांगले येतील असं कोणी म्हणालं तर मला हसू येतं.

आता कामाचं.

या कॅमेऱ्याच्या डायल जुन्या काळच्या दिसतात, पण त्यांचा खरा फायदा असा की कॅमेरा बंद असतानाही सेटिंग दिसतं. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगवर, शटर वरच्या चकतीवर, उजेड कमी-जास्त करायची डायल अंगठ्याखाली. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं स्टेट उघड्यावर, मेनूत काही लपलेलं नाही. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून, समोरच्याशी गप्पा मारता मारता, खाली नजर टाकून कळतं की आपण कुठे आहोत. स्क्रीनवर बोटं फिरवत बसलं की बोलणं तुटतं, आणि बोलणं तुटलं की चेहरा बदलतो.

दुसरं म्हणजे ऊन. वऱ्हाडात फोटो काढायचे म्हणजे उन्हाशी संसार. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हापायी प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं, यावरून काय ते समजा. फोटोग्राफीची पुस्तकं सांगतात की सकाळी लवकर आणि संध्याकाळी काढा, तेव्हा उजेड सोनेरी असतो. बरोबर आहे. पण कापूस वेचणाऱ्या बाया सोनेरी उजेडाची वाट बघत नाहीत. जिनिंगमध्ये बंड्या आणि ट्रॅक्टर दुपारी बारालाही उभे असतात. काम दुपारचं असेल तर फोटोही दुपारचाच काढावा लागतो.

आणि दुपारचा प्रॉब्लेम असा की सगळ्यांची डोकी झाकलेली. कोणाच्या डोक्यावर दुपट्टा, कोणाचा रुमाल, कोणाची गांधी टोपी, बायांचा पदर. कपाळापासून नाकापर्यंत काळी सावली आणि मागे कपाशीचं पांढरंफेक शेत. मोठमोठे कॅमेरे इथे गोंधळतात. चेहरा दिसेल एवढा उजेड घेतला की कापूस जळून कागदासारखा कोरा होतो, आणि कापूस सांभाळला की माणसाचं तोंड कोळसा.

इथे या डबीतली एक गोष्ट कामाला येते, जिच्याबद्दल रील्समध्ये कोणी बोलत नाही. हिचं शटर लेन्सच्या आत आहे, पाकळ्यांसारखं उघडणारं. मोठ्या कॅमेऱ्यांत शटर सेन्सरच्या पुढे पडद्यासारखं सरकतं, त्यामुळे साधा फ्लॅश साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच धड चालतो. पाकळ्यांच्या शटरला ती अडचण नाही. हिशोब करून बघा. आयएसओ २०० वर भर उन्हात एफ/१६ ला १/२०० सेकंद लागतात, हा जुना नियम. पडदेवाल्या कॅमेऱ्याला फ्लॅश वापरायचा तर तिथेच थांबावं लागतं. मी एफ/८ ला १/८०० वर जाऊ शकतो. ऊन तेवढंच नोंदलं जातं, पण लेन्स दोन पायऱ्या जास्त उघडी असल्याने फ्लॅशचा उजेड चौपट आत येतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातला तो नखाएवढा फ्लॅशसुद्धा दुपट्ट्याखालचे डोळे उजळवायला पुरतो. (मोठ्या कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश लावून 'हाय स्पीड सिंक' करता येतं, माहीत आहे. त्यात फ्लॅशची ताकद कमी होते आणि डोक्यावर अजून अर्धा किलो चढतं.) मी फ्लॅश थोडा कमीच ठेवतो, नाहीतर माणूस निवडणुकीच्या बॅनरवरचा दिसायला लागतो.

कापसाचा पांढरा सांभाळायला अजून एक सोय आहे, डीआर ४०० म्हणतात ती. कॅमेरा मुद्दाम कमी उजेडात फोटो घेतो आणि सावल्या नंतर वर उचलतो. माझ्या मॉडेलवर त्यासाठी आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नाही, आणि तेवढ्या उन्हात ८०० म्हणजे शटर पळायलाच लागतं. मग आतला एनडी फिल्टर चालू करायचा, लेन्सला गॉगल लावल्यासारखा. फ्लॅश आणि डीआर यातलं काय कधी, हे चार-दोन दुपारी शेतात घालवल्याशिवाय कळत नाही. असो, तांत्रिक फार झालं.

तिसरी गोष्ट म्हणजे झूम नसणं. अकोल्याची कावड यात्रा ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी आणून राजराजेश्वराला चढवतात. पोरं रात्रभर अनवाणी चालत येतात, कावडीला भरण्यांच्या उतरंडी बांधलेल्या. रस्त्याच्या कडेला, घराच्या गच्चीवर मोठ्या झूम लेन्सवाले उभे असतात. त्यांचे फोटो वाईट नसतात. पण त्यात गर्दी दिसते, खांदा दिसत नाही. ३५ मिमीला खांदा दिसायचा असेल तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि हातभर अंतरावर गेलं की तुम्ही बघे राहत नाही. तुमच्या अंगावर पाणी उडतं, कोणीतरी पाठीत धक्का मारून 'चाला भाऊ, थांबू नका' म्हणतं, आणि तुम्ही चालायला लागता. (एफ वॉटरप्रूफ नाही. मी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून वापरतो. रेट्रो लुक वगैरे तिथेच संपतो.)

मोठा कॅमेरा म्हणजेच गंभीर काम, हा समज तसा कधीच मोडायला हवा होता. मॅग्नमचा इटालियन छायाचित्रकार अ‍ॅलेक्स माजोली याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काँगो आणि इराकमधलं काम ऑलिंपसच्या पाच मेगापिक्सेलच्या साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर केलं. लोक त्याला हौशी टुरिस्ट समजायचे, आणि तेच त्याला हवं होतं. जपानचा दाइदो मोरियामा तर खिशातल्या कॅमेऱ्यासाठीच प्रसिद्ध. पण आपल्याकडे लग्नातल्या फोटोग्राफरने एवढासा कॅमेरा काढला तर वधूपिता पैसे कापेल, हेही खरं आहे.

वऱ्हाडात मात्र मोठ्या कॅमेऱ्याला अजून एक अर्थ आहे आणि तो काँगोपेक्षा वेगळा आहे. १ जुलै २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात होते. त्याच्या आगेमागे काही वर्षं देशभरचे, जगभरचे कॅमेरे शेतकरी आत्महत्यांवर आले. येणं गरजेचंच होतं. त्यामुळे प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. पण गावातल्या लोकांच्या मनात एक समीकरण बसलं, ते अजून गेलेलं नाही. लांब नळीचा कॅमेरा घेऊन कोणी आला म्हणजे तो एकतर पेपरवाला, नाहीतर सरकारी, नाहीतर एनजीओवाला. तिघांपैकी कोणीही असला तरी चेहरा एका विशिष्ट पद्धतीने करायचा असतो. मी दर्यापूरकडच्या एका गावात एका मित्राच्या मामांकडे गेलो होतो. सोबतच्या एकाने बॅगेतून त्याची मोठी डीएसएलआर काढली. ओट्यावर बसून इतका वेळ खो-खो हसणाऱ्या आजी एकदम गप्प झाल्या, पदर डोक्यावर ओढला आणि विचारलं, "काही भेटन का जी याचं?"

त्या प्रश्नावर कॅमेऱ्याच्या कुठल्याच पानावर रिव्ह्यू नाही.

माझ्या डबीला त्या कॅमेरा समजत नव्हत्या. त्यांच्या नातवाने सांगितलं की हा पण कॅमेराच आहे, तर म्हणाल्या, "हट, हे तं रेडिओवानी दिसते." त्यानंतर मी तासभर तिथे होतो. त्या हसत होत्या, मामांना शिव्या देत होत्या, मला चहा बळंच पाजत होत्या, आणि फोटो निघत होते. लेन्सच्या आतल्या शटरला आवाज नाही म्हटलं तरी चालेल. मी लपून फोटो काढतोय असं नाही, सांगूनच काढतो. पण सांगितल्यावरही माणूस आपल्या मूळ चेहऱ्यावर परत येऊ शकतो, एवढी जागा हा कॅमेरा ठेवतो. यात रेट्रो दिसण्याचा थोडा वाटा आहे हे मान्य करायला हवं. खेळण्यासारखं दिसण्याचा फायदा म्हणा हवं तर.

मामा व्यवहारी. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन वजन पाहिलं (अर्धा किलोही भरत नाही) आणि विचारलं, "केवढ्याले भेटते?" मी म्हटलं, माझा वापरलेला आहे, नवा दीड लाखाच्या वर जातो. त्यांनी कॅमेरा जपून परत दिला.

"दीड लाखात तं बैलजोडी येते न भाऊ. अन् हा तं डवऱ्यालेबी जुपता येत नाही."

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने दीड लाख म्हणजे साडेअठरा क्विंटल. कोरडवाहू शेतीत तेवढा कापूस पिकायला किती एकर लागतात ते तुमच्या गावाकडच्या कोणालाही विचारा, आणि हमीभाव प्रत्यक्ष हातात पडतो का तेही त्यालाच विचारा. हे मी कोणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाहीये. आपला पगार आपण कमावतो. पण साडेअठरा क्विंटलची वस्तू घेऊन आपण एखाद्याच्या ओट्यावर बसतो तेव्हा त्याला त्यातून काय मिळतं, हा आजींचा प्रश्न मला रास्त वाटतो. 'काही भेटन का?'

माझं उत्तर आहे, प्रिंट.

वऱ्हाडातल्या खेड्यातल्या घरात भिंतीवर, बहुधा दाराच्या वर, हार घातलेला एक फोटो असतो. जरा जवळ जाऊन बघा. बऱ्याचदा तो फोटो कोणी काढलेला नसतोच. मतदान कार्डावरचा, आधारवरचा नाहीतर बँकेच्या पासबुकावरचा दीड इंची फोटो स्टुडिओवाल्याने मोठा केलेला असतो. कडा पुसट, मागे निळा रंग भरलेला, अंगावर कॉम्प्युटरने चढवलेला कोट. किंवा कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून मुंडकं कापून काढलेलं, आणि खांद्यावर शेजारच्याचा हात तसाच राहिलेला. पेपरात छापून येणाऱ्या त्या ठरावीक फोटोत, ज्यात बाई नवऱ्याची तसबीर हातात धरून बसलेली असते, तसबिरीतला फोटो बघायला कोणी थांबत नाही. मी थांबतो. साठ वर्षं जगलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो सरकारी वेबकॅमने काढलेला असावा, हे मला फार लागतं.

तुम्ही म्हणाल, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे. आहे की. पोरांचे हजारो सेल्फी आहेत. पण म्हाताऱ्यांचे? असले तरी ते व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून दाबून गेलेले, आणि मोबाईल विहिरीत पडला की सगळं विहिरीत. प्रिंट कोणाकडेच नाही.

म्हणून माझ्यापुरती गंभीर फोटोग्राफीची व्याख्या अशी झालीय की माणूस जिवंत असताना त्याचा एक नीट फोटो काढायचा आणि कागदावर त्याच्या घरी पोचवायचा. आणि यात हा कॅमेरा खरोखर कामाचा ठरतो, कारण त्यातून थेट निघणारा जेपेग छापण्यालायक असतो. मी रॉ फाइल घेऊन आठवडाभर स्लायडर ओढत बसलो तर काम होणारच नाही. सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंग असते. शनिवारी काढायचे, रात्री घरी बसून निवडायचे, रविवारी राजकमल चौकाजवळच्या स्टुडिओत पोस्टकार्ड आणि ५ बाय ७ च्या प्रिंट काढायच्या, काही लॅमिनेट करायच्या, आणि ट्रॅव्हल्सला बसायच्या आत शक्य तितक्या देऊन टाकायच्या. उरलेल्या पुढच्या खेपेला.

आता तो घातक भाग. फुजीच्या कॅमेऱ्यात 'फिल्म सिम्युलेशन' असतात. वेल्व्हिया, क्लासिक क्रोम, अ‍ॅक्रॉस वगैरे. बटण दाबलं की फोटोला त्या त्या फिल्मचा रंग येतो. क्लासिक क्रोम लावलं की जुन्या परदेशी मासिकांतल्या फोटोंसारखा दबका रंग येतो. कोडॅक्रोम फिल्म धुणारी कॅन्ससमधली शेवटची लॅब ३० डिसेंबर २०१० ला धुवायचे रोल घेणं थांबवत होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात एक्स-१०० जाहीर झाला होता. फिल्म गेली, रंग राहिला. गंमतच आहे. शिवाय हल्ली लोक त्यावर स्वतःच्या 'रेसिपी' करतात, दाणे वाढवतात, पिवळं वाढवतात.

कॅफेतल्या कॉफीला हे लावा, कोणाचं काही बिघडत नाही. पण वऱ्हाडात लावून बघा. प्रत्येक गोष्ट एकदम 'गेलेली' दिसायला लागते. बैलगाडी, जिनिंगचं पत्र्याचं छप्पर, दुपट्टा बांधलेला म्हातारा, सगळं १९७० चं. आणि ते १९७० चं नाहीये ना बाप्पा! तो म्हातारा काल पीकविम्यासाठी ऑनलाइन फॉर्म भरायला रांगेत उभा होता. फोटोत तो जुना दिसला की बघणाऱ्याला गोड वाटतं, आणि त्याची अडचणसुद्धा जुनी, मिटलेली वाटायला लागते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आमची शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी रुळांची नॅरोगेज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने बांधली, कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत आणून पुढे मुंबईला न्यायला. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद होऊन काही वर्षं झालीत आणि रुळांवर गवत आहे.

इंटरनेटवर शकुंतलेचे फोटो शोधा. ढीगभर सापडतील, आणि त्यातले निम्मेअर्धे सेपिया नाहीतर फिकट पिवळे. इंजिनाचं धूड, झाडीतून जाणारे रूळ, स्टेशनचं जुनं कौलारू छप्पर, 'ब्रिटिशकालीन वारसा'. छान आहेत. पण त्या डब्यात बसणारी माणसं तिला वारसा म्हणून बसत नव्हती. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त होतं म्हणून बसत होती. भाजीचं गाठोडं, शेळी, बाजारहाट, माहेरपण. ती गाडी बंद झाली तेव्हा फोटोग्राफरांचा एक विषय गेला आणि त्या लोकांचा स्वस्त प्रवास गेला. दुसऱ्या गोष्टीचे फोटो मला शोधूनही फार थोडे मिळाले. गाडी हळू चालायची, माणसं बोलकी, डब्यात खिडकीचा सुरेख उजेड, ३५ मिमीच्या लेन्सला याहून चांगली जागा कोणती? पण बहुतेक जण खाली उतरून इंजिनाकडे धावले.

म्हणून मी रंगीत फोटोला प्रोव्हिया हे साधं सेटिंग ठेवतो. कंटाळवाणं आहे, पण कापूस पांढरा येतो आणि फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याचा गुलाबी गाल गुलाबीच येतो. मोटारसायकल, डीटीएचची छत्री, बिसलेरीच्या बाटलीत भरलेलं फवारणीचं औषध, हे फ्रेममधून काढून टाकत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला माझा विरोध नाही. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम बघा, कृष्णधवल आहे आणि त्यात गोडवा शोधून सापडणार नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत काळा-पांढरा रंग जुनेपणासाठी वापरलेला नाही, आणि फोटोग्राफर एका दुपारी येऊन गेलेला नाही हे दिसतं. तिथे कॅमेरा कोणता होता हा प्रश्न सुचतसुद्धा नाही.

या कॅमेऱ्याने काय जमत नाही तेही पटकन सांगतो. मेळघाटातला वाघ विसरा, वाघाचं झाडसुद्धा लांब दिसेल. कुस्ती आखाड्याच्या कडेवरून जमते, कबड्डी नाही. स्टेजवरचं भजन नाही, स्टेजवर चढू दिलं तर हो. बॅटरी दिवसभर पुरत नाही, दोन जास्तीच्या ठेवा. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि कुठेही शिरतात, त्यामुळे लेन्सपुढे अ‍ॅडाप्टर रिंग लावून साधा फिल्टर कायमचा बसवा. आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. धातूचा आहे, भाकरी भाजता येईल.

घ्यायचाच असेल तर माझा सल्ला, नवा व्हीआय घेऊ नका. वापरलेला टी किंवा एफ शोधा. ४० मेगापिक्सेलची ५ बाय ७ च्या प्रिंटला काही गरज नाही. वाचलेल्या पैशांत शेकड्याने प्रिंट निघतील आणि अमरावती-अकोला एसटीच्या कैक फेऱ्या होतील. २०२५ साली फुजीनेच एक्स-हाफ नावाचा अजून छोटा, अजून रेट्रो कॅमेरा काढलाय. त्यात फिल्म पुढे सरकवायचा खटका आहे, सरकवायला फिल्म नसताना. तो मात्र मला खरोखरच खेळणं वाटतो. पण ज्याला त्यातून एक माणूस नीट दिसेल त्याने खुशाल घ्यावा.

डिसेंबरात बहिरमची जत्रा सुरू होईल. मागच्या वेळी तिथे रात्री बल्बच्या उजेडात, आयएसओ ३२०० वर काढलेल्या फोटोंतल्या बावीस प्रिंट द्यायच्या आहेत. एकोणीस जणांची गावं वहीत लिहिलेली आहेत. उरलेले तिघे दरवर्षी एकाच रोडगेवाल्याकडे जेवतात, त्याने सांगितलंय, "मायाकडे देऊन ठेवा, मी देतो."